ओलीवरचा हिवाळा

दसऱ्याच्या सुमाराला महाराष्ट्रातला बहुतेक शेतकरी सोयाबीन, भात, भुईमूग काढण्यात गुंतलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात मात्र तेव्हा वर्षाला सुरुवात होते. जूनपासूनचे चार महिने हे रान मोकळं असतं. पावसाळा त्याच्यावरून जातो, पण पेरलेलं काहीच नसतं. परगावच्या माणसाला ते पडीक वाटतं. प्रत्यक्षात शेतकऱ्याने त्याला कुळवाच्या तीन-चार पाळ्या दिलेल्या असतात, आणि प्रत्येक पाळी पडलेला पाऊस जागीच मुरावा याच हिशोबाने घातलेली असते. मग उत्तरा नक्षत्र लागतं, हस्ताचा पाऊस येतो आणि ज्वारी पेरली जाते. त्यानंतर पाऊस परततो. पीक उगवतं, वाढतं, पोटरीत येतं, कणीस टाकतं, दाणा भरतो, आणि या साऱ्या काळात वरून पाण्याचा थेंब पडला नाही तरी चालतं. एखादा चुकार पाऊस आला तर उलट काळजीच जास्त.

मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला वापरता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पावसाचं पाणी साठू शकतं. ज्वारीची मुळं त्या पाण्यामागे पाच फुटांपर्यंत खाली जातात. पानांवर आणि ताटावर मेणाचा पांढुरका थर असतो, तो पाणी उडू देत नाही. ताण वाढला की पान स्वतःला गुंडाळून घेतं. कोरडवाहू शेती म्हणजे नशिबावर सोडलेली शेती, असा समज शहरात फार आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. विहीर नाही, बोअर नाही, कालवा नाही, आणि तरीही जमिनीत किती ओल आहे, ती कुठपर्यंत पुरेल, हे ज्याला रोज मनात मांडावं लागतं त्याच्याइतका पाण्याचा हिशोब ठेवणारा शेतकरी दुसरा नाही.

गेल्या हिवाळ्यात मी ज्या कुटुंबाच्या रानात जाऊन-येऊन होते, त्यांचं रान चार एकराचं. नवरा-बायको, त्याची आई, दोन गाई, एक कालवड. मोठा मुलगा पुण्यात कामाला आहे, धाकटी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते. बैल सात-आठ वर्षांपूर्वी विकले. पेरणी ट्रॅक्टरने होते, कोळपणीला मात्र भाड्याची बैलजोडी लागते, आणि ती वेळेवर मिळवण्यासाठी तो शेतकरी नोव्हेंबरभर जोडीवाल्याच्या मागे असतो.

कोळपणीवर त्याचा फार जीव. पीक तीन आठवड्यांचं झालं की पहिली, पाच आठवड्यांनी दुसरी, आठ आठवड्यांनी तिसरी. पहिली फटीच्या कोळप्याने, दुसरी पासाच्या, तिसरी दातेरी कोळप्याने. तण निघतं हा पहिल्या दोन्हींचा उघड फायदा. तिसऱ्या कोळपणीपर्यंत फारसं तण उरलेलं नसतं, मग ती कशासाठी, असं मी विचारलं. त्याने मला रानाच्या कडेला नेलं. तिथे कोळपं पोचलं नव्हतं आणि जमीन उलली होती. त्याने सांगितलं म्हणून मी एका भेगेत हात घातला. कोपर आत गेलं. बोटांना खाली गार, दमट माती लागली, आणि वरच्या अंगाला हाताला कोरडी हवा जाणवत होती. ‘‘ह्या वाटंनं वल निघून जाती, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘आणि भेग पडली की मुळ्या बी तुटत्यात. दातेरी फिरवलं की वरची माती भुसभुशीत व्हती, भेगा बुजत्यात. रानावर गोधडी घालायची म्हणा की.’’

त्याच्या या गोधडीमागे जवळपास शतकाचा अभ्यास आहे. 1933 मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सुरुवात झाली. तिथे ना. वि. कानिटकर यांनी मातीतली ओल, बांधबंदिस्ती, आंतरमशागत, दोन ओळींतलं अंतर यांवर वर्षानुवर्षं मोजमापं केली. कोरडवाहू शेतीवरचा त्यांचा ग्रंथ 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. पेरणीआधी पाणी मुरवा, पातळ पेरा, पुन्हा पुन्हा कोळपा, असं त्या कामाचं थोडक्यात सार सांगता येईल. आजही कृषी विद्यापीठ रब्बी ज्वारीला हेक्टरी दहा किलो बियाणं आणि दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर सांगतं. आमच्या शेतकऱ्याला कानिटकरांचं नाव माहीत नाही. पण त्याच्या आजोबांनी दाट पेरणाऱ्या भावाला ‘‘ताटं दिसतील, दाणं दिसणार न्हाईत’’ असं सुनावल्याचं घरात अजून सांगतात.

इथे पेरतात ती मालदांडी. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवड करून हे वाण पुढे आलं. त्याचं अधिकृत नाव एम 35-1. 1964 मध्ये सीएसएच-1 हे भारतातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि खरिपाच्या ज्वारीचं रूपच पालटलं. खेड्यापाड्यांत ‘हायब्रीड’ म्हटलं की ज्वारीच, इतकं ते रुजलं. रब्बीत मात्र मालदांडीने जागा सोडली नाही. राहुरीच्या विद्यापीठाने भारी जमिनीसाठी फुले वसुधा दिलं, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा दिलं, परभणीहून परभणी मोती आलं. ही वाणं जास्त उतारा देतात आणि पुष्कळ शेतकरी ती पेरतातही. पण घरी खायला काय, असं विचारलं की उत्तर बहुधा मालदांडीच येतं. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दाण्याच्या पांढऱ्या, चमकदार रंगाचं कारण हिवाळ्यातच आहे. खरिपाची ज्वारी पाऊस असतानाच पिकते, दमट हवेत कणसावर बुरशी चढते आणि दाणा काळा पडतो. शाळवाचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, दाणा डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत भरतो आणि फेब्रुवारीच्या उन्हात वाळतो. बुरशीला तिथे थाराच नसतो. शाळवाच्या पिठाची भाकरी परातीत थापताना कडेला चिरत नाही, तव्यावर पापुद्रा सुटून टम्म फुगते आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते. घरातल्या आजी, म्हणजे शेतकऱ्याची आई, पीठ हातात घेऊन अंगठ्याने दाबून बघतात आणि ते कुठल्या सालच्या ज्वारीचं आहे ते सांगतात. मी दोनदा परीक्षा घेतली. दोन्ही वेळा त्यांनी बरोबर सांगितलं.

डिसेंबरात शिवाराचा रंग बदलतो. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. बांधाच्या कडेने करडईच्या ओळी असतात. करडई वाढली की काटेरी होते, मोकाट गुरं आत शिरत नाहीत, आणि शेवटी घाण्यावर तेलही देते. कोवळी असताना तिचीच भाजी होते. एका कोपऱ्यात घरापुरता हरभरा. हरभऱ्याचे शेंडे खुडले की तो फुटतो, आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी त्या दिवसांत घरोघरी शिजते. काही वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात.

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि त्या लवेतून आंबट रस पाझरतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. पहाटे दव पडलं की हा रस त्यात उतरतो. आजींनी मला ही आंब कशी धरतात ते दाखवलं. रात्री जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा हरभऱ्यावर अंथरला. उजाडायच्या आत गेलो तेव्हा कापड जड झालं होतं. त्यांनी ते काचेच्या बरणीवर धरून पिळलं. फिकट पिवळसर पाणी निघालं, वाटीभरही नसेल. जिभेला लावलं तर दात आंबले. पोटदुखीवर, अजीर्णावर हे थेंबभर पाण्यातून देतात. असंच पाच-सहा दिवस करून बरणीत साठवतात. ‘‘आता कोन करतंय, लेकी? दवाखाना हाय की,’’ त्या म्हणाल्या. पण बरणी मात्र त्यांनी नीट पुसून फडताळात ठेवली. त्यानंतर दोन तास माझ्या धुतलेल्या बोटांना आंबट वास येत होता. एवढं होऊनही हरभऱ्याच्या रानात अनवाणी जाऊ नये, हे त्यांनी मला दर वेळी बजावलं. आंबेने पाय उलतात.

मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूर, धाराशिव आणि अक्कलकोटच्या बाजूला वेळ अमावस्या असते. तिथले लोक येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप उभारतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, उभ्या पिकात आंबील शिंपडत रानाला फेरी घालतात. जेवणात ज्वारीच्या पिठाची आंबील, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. या भज्जीत हिवाळ्यात शिवारात जे जे ओलं असतं ते सगळं पडतं: हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, भुईमूग, वर डाळीचं पीठ आणि चिंच. नातेवाईक, सोयरे, ओळखीचे, वाटेने जाणारे, सगळ्यांना हाका मारून बसवतात. लातूरला त्या दिवशी बाजारपेठ बंद असते, कारण दुकानदारही कुणाच्या ना कुणाच्या रानात असतो. खेड्याला सुट्टी देणारे सण बरेच आहेत, शहराला रानात घेऊन जाणारा हा एकच मला माहीत आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि पुन्हा तीच ओल्या शेंगा-दाण्यांची मिश्र भाजी. याच दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो. आमच्या शेतकऱ्याच्या घरातली माणसं दरवर्षी जत्रेला जातात, पण एकत्र जात नाहीत. एक जण मागे राहतो. त्याचं कारण पाखरं.

कणसात दूध भरलं की राखण सुरू होते. साधारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दाणा टणक होईपर्यंत, म्हणजे महिनाभर, उजाडल्यापासून दहा-अकरापर्यंत आणि दुपारी चारपासून दिवस मावळेपर्यंत रानात माणूस लागतोच. पाखरं चरायला याच दोन वेळी येतात. चिमण्या, साळुंक्या, पोपट, होले या रोजच्या वाटेकऱ्यांचं त्या घरात कुणालाच फार वाटत नाही. भीती भोरड्यांची. काळं डोकं, काळे पंख, अंग गुलाबी. उन्हाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत टोळधाडीवर पिल्लं वाढवणारा हा पक्षी पावसाळा सरता सरता आपल्याकडे येतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. पळस आणि काटेसावर फुलली की त्यांचा मध पितो. नाकतोडे, अळ्या खातो, म्हणजे शेताचं भलंही करतो. पण शाळू दुधात असताना शेकडोंचा थवा अचानक उतरतो, रान काळं होतं, आणि हाळी देईपर्यंत दहा-वीस ताटांची कणसं मोकळी झालेली असतात.

रानाच्या मधोमध चार मेढी रोवून माळा बांधलेला होता. वर बसलं की सगळं शिवार कणसांच्या उंचीवरून दिसतं. राखण बहुतेक वेळ बायको करायची. तिच्या हातात गोफण, ओटीत ढेकळं. गोफणीला लोकर वळून केलेली दोरी असते, एका टोकाला बोट अडकवायला फासा, मध्ये खडा ठेवायला विणलेली जाळी. डोक्यावरून दोन फेरे फिरवून मोकळं टोक सोडलं की आसुडासारखा आवाज होतो आणि ढेकूळ दोनशे हातांवर जाऊन फुटतं. ढेकूळच का, दगड का नाही, असं विचारलं. दगड ताटाला लागला तर कणीस मोडतं आणि कोळपणीला तोच दगड आडवा येतो, हे तिने हसत सांगितलं. पाखराला मारायचं नसतं, उठवायचं असतं. उठवण्यातही डोकं लागतं. थवा जिथून आला तिकडेच उठवला तर फिरून परत येतो, म्हणून तो तुरीच्या किंवा बाभळीच्या दिशेला ढकलायचा, शेजाऱ्याच्या शाळवावर नाही. शेजारीही हेच करतो. एकाच शिवारात सगळे शाळू पेरत होते तोवर हे सोपं होतं. दाणाही सगळ्यांकडे एकाच वेळी भरायचा, पाखरं वाटली जायची, राखणीला दहा माळे असायचे, हाळीला हाळी मिळायची. आता चारी बाजूंना ऊस, डाळिंब, मका. मधल्या चार एकरांवर पंचक्रोशीतली पाखरं येतात.

शाळू कमी का झाला याचं उत्तर मला त्या माळ्यावर मिळालं. पाणी आलं, ऊस आला, असं आपण सहज म्हणतो. ते खरंच आहे. उजनी धरणाचं पाणी जिथे पोचलं तिथे शाळवाची जागा उसाने घेतली, आणि त्यासाठी शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांना शेतीच्या पाण्यासाठी अनेक दशकं झगडावं लागलं, आणि त्या कोरड्या गावांतही शाळू आटला आहे. तिथे कमी पडली ती माणसं. चार एकरांची राखण म्हणजे महिनाभर एक पूर्ण माणूस. पूर्वी ते काम घरातली पोरं करत. शाळेची वेळ आणि पाखरांची वेळ एकच. ‘‘मी चौथीत सोडली शाळा, ह्याच माळ्यावर बसाय,’’ ती म्हणाली. तिची मुलगी जानेवारीत माळ्यावर बसली नाही, परीक्षेला बसली, आणि हे असंच व्हायला हवं होतं. पण मग त्या मुलीची जागा कोण घेणार, याचं उत्तर कुणीच शोधलेलं नाही. चमकणाऱ्या फिती बांधून झाल्या, स्पीकरवर आवाज लावून झाले. पाखरं आठवड्याभरात सरावतात. पक्ष्यांपासून वाचवायला जाळी म्हणाल तर चार एकरांवर ती कुणाला परवडणार?

हुरड्याच्या दिवसांत मात्र रानाला माणसांची कमी पडत नाही. दाणा दुधातून चिकात गेला, अंगठ्याने दाबल्यावर थोडा दबतो आणि थोडा परत येतो, तो हुरडा. हा काळ फार तर आठवडा-दहा दिवसांचा. त्यानंतर साखरेचा पिठूळपणा होतो आणि दाणा घट्ट होत जातो. मालदांडीचाही हुरडा खातात, पण खास हुरड्याची ज्वारी वेगळी: सुरती, गूळभेंडी, कुची कुची. गूळभेंडीचा दाणा फोलपटातून अलगद सुटतो, म्हणून ती घरापुरत्या चार ओळी पेरलेली असते. जमिनीत वीतभर खोल खड्डा काढून गोवऱ्यांची आगटी करायची, धूर सरून निखारा झाला की कणसं आत खुपसायची, देठ बाहेर. सारखी फिरवत राहायचं. कणीस काढून गरम असतानाच तळहातात चोळायचं आणि दाणे पाखडून समोरच्याच्या हातात द्यायचे. भाजणाऱ्याला स्वतःला खायला मिळतं ते सगळ्यांत शेवटी. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचा डहाळा. आजी कणीस चोळायच्या तेव्हा त्यांच्या हाताला चटका बसत नसे. मी तिसऱ्या कणसाला हात झटकला.

पुणे-सोलापूर रस्त्याला आता हुरडा पार्ट्या सुरू असतात. माणशी पैसे घेतात, झोपाळा असतो, बैलगाडीची फेरी असते. नाक मुरडणारे नाक मुरडतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. हिरव्या कणसाला रोख पैसा मिळतो, काढणी, मळणी, साठवण काहीच करावं लागत नाही. ज्यांचं रान हमरस्त्याला लागून आहे त्यांनी ते जरूर करावं. आमच्या शेतकऱ्याचं रान रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे आणि पावसाळ्यात तिथे मोटारसायकलही जात नाही.

जानेवारीत आभाळ आलं की घर गप्प होतं. ढगाळ, दमट हवेत ज्वारीवर मावा वाढतो, त्याच्या चिकट स्रावाने पानं चमकायला लागतात. लोक म्हणतात चिकटा पडला. त्यावर काळी बुरशी येते, आणि असा कडबा गुरं तोंडात धरत नाहीत. ओल वेळेआधी संपली तर खडखड्या येतो. बुडातून ताट पोकळ होतं, वाऱ्याने आडवं पडतं, दाणा भरता भरता राहतो. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये राज्यभर गारपीट झाली, ती या घराने अंगावर घेतली आहे. काढून ठेवलेली कणसं रानातच भिजली, दाण्याला मोड आले. त्या वर्षी त्यांनी विकत घेऊन ज्वारी खाल्ली. हे सांगताना शेतकऱ्याचा आवाज खाली गेला. पीक गेल्याचं तो आधी सरळ बोलला होता. ज्वारीच्या गावात राहून ज्वारी विकत आणली, ते त्याला लागलं होतं.

या भागात धान्याची आठवण फार जुनी आहे. बहमनी राजवटीत मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, ही कथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. गावात त्यांचं मंदिर आहे. राजाचा कोप पत्करून माणसं जगवणारा अधिकारी ज्या गावाने संत मानला, त्या गावाला धान्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पूर्वी वाड्यांच्या अंगणात पेवं असत. जमिनीत खोल खणलेली, आतून लिंपून, कडब्याचा थर लावून ज्वारी भरायची आणि तोंड बंद करायचं. चांगल्या पेवात दाणा वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा आणि मगच माणूस उतरायचा.

आजींचं लग्न 1972 च्या दुष्काळात झालं. त्या आल्या तेव्हा सासरच्या पेवात तळाला ज्वारी होती, सहा महिन्यांत तीही संपली. मग खडी फोडायला जाणं, सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो. तीही ज्वारीच, पण भाकरी थापली जाईना, कडू लागे, पोरं तोंड फिरवत. त्या दुष्काळातल्या कामांतूनच पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला, तो महाराष्ट्राने देशाला दिलेला मोठा ठेवा आहे. आजींना कायद्याचं काही सांगता येत नाही. ‘‘तवापासनं घरात दोन सालाची जवारी असल्याबिगर मला झोप लागत न्हाई,’’ एवढं त्या सांगतात. पेव बुजवलं. आता पत्र्याच्या कोठ्या आहेत, त्यात कडुनिंबाचा पाला घातलेली ज्वारी. मुलगा म्हणतो विकून टाकू, भाव आहे. आजी किल्ली कनवटीला लावून फिरतात.

भावाचं बोलायचं तर 2025-26 साठी केंद्राने मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये ठरवला, संकरित ज्वारीचा 3699. दोन्हींत फरक 50 रुपयांचा. एकीच्या दाण्यामागे हिवाळाभराची राखण, तिला मानांकन, तिच्या भाकरीचं एवढं नाव, आणि तिची किंमत 50 रुपये जास्त. बाजारात चांगला दाणा हमीभावाच्या वर जातोही. पण उतारा? ‘‘साल चांगलं आसलं तर एकरी पाच-सा क्विंटल. वंगाळ आसलं तर दोन बी धरू नका.’’ 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. शहरात ज्वारीची बिस्किटं, नूडल्स, पास्ता आले, ज्वारीचं कौतुक झालं. त्या घराला त्याचा काय उपयोग झाला, या प्रश्नावर दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. भाषणांत पोषणावर पुष्कळ बोललं गेलं. राखणीवर आणि काढणीवर मी तरी फारसं काही ऐकलं नाही.

शाळू टिकला आहे तो कडब्यामुळे. मालदांडीचं ताट गोड, गुरं आवडीने खातात, आणि दुष्काळी सालात पेंढीचा भाव दाण्याशी बरोबरी करतो. दोन गाई, एक कालवड यांना वर्षभर पुरेल एवढा कडबा आणि वर विकायला थोडा, हा त्या घराचा खरा आधार. काढणीसाठी यंत्रं आली आहेत, पण हार्वेस्टर कडबा चुरून टाकतो. कडबा वाचवायचा तर हात लागतात.

फेब्रुवारीच्या मध्याला मी काढणी पाहिली. इथे बहुतेक जण ज्वारी मुळासकट उपटतात. काहीजण विळ्याने कापतात, पण मग बुडखे पायात घुसतात आणि पेंढीची लांबी जाते. जमीन तोवर टणक झालेली. दोन्ही हातांनी ताट धरायचं, थोडं पिळायचं, कंबरेतून ओढायचं, मुळाला चिकटलेली माती पायावर आपटून झाडायची. माणसं हाताला चिंध्या गुंडाळतात, काहींनी जुने मोजे घातले होते. आठ बायका आणि तीन पुरुष एकेक पात धरून पुढे सरकत होते. उपटलेली ताटं एका अंगाला कणसं करून आडवी टाकायची, चार-पाच दिवस वाळू द्यायची, मग बायका बसून कणसं खुडतात. कडबा बांधायचा तो पहाटे तीन-चारला. दवाने पानं नरम असतात तोवरच पेंढी बांधायची. ऊन चढलं की पानांचा चुरा होतो आणि गाईला नुसती धाटं उरतात. त्या पहाटे मी बॅटरी धरून उभी होते. आळा टाकायचा, गुडघा रोवायचा, पिळून गाठ खोचायची, पेंढी बाजूला फेकायची. दिवस उगवेपर्यंत रानाच्या एका कडेला पेंढ्यांची रांग लागली होती. मग त्यांचं बुचाड रचलं.

मजूर कुठून आणले ते विचारलं. निम्मे गावातले, निम्मे शेजारच्या तालुक्यातून जीप करून. गावातली धडधाकट जोडपी कारखान्यांवर ऊसतोडीला जातात, ती मार्चशिवाय परतत नाहीत. म्हणजे शाळवाची काढणी आणि उसाचा हंगाम एकाच महिन्यांत, आणि तोडीत उचल आधी मिळते. या घराने मजुरीबरोबर प्रत्येकाला पाच-पाच पेंढ्या द्यायचं कबूल केलं तेव्हा माणसं आली. ज्यांच्या घरी शेळी-गाय आहे त्यांना पैशापेक्षा त्याचंच अप्रूप होतं.

मळणी यंत्रावर एका दुपारी उरकली. चार एकरांत एकवीस पोती. आजींनी मात्र कणसं यंत्रात जायच्या आधी खळ्यावर बसून बियाणं वेगळं काढलं होतं. भरगच्च, मध्यम लांबीची, रोग नसलेली, रानाच्या मधल्या भागातलीच कणसं. कडेच्या ताटाला जास्त ऊन-वारा मिळतो, म्हणून त्याचं कणीस फसवं असतं, असं त्यांचं म्हणणं. ती कणसं त्यांनी काठीने झोडपून, वारा देऊन, राखेत घोळून मडक्यात भरली. चार किलोला एकर पेरता येतो. त्यांनी बारा किलो ठेवलं.

पुढच्या साली काय करायचं यावर त्याच संध्याकाळी ओसरीवर बोलणं झालं. पुण्याचा मुलगा फोनवर होता. त्याचं म्हणणं दोन एकर मका घालावा, मुरघास करावा, राखण नको. त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती. शेतकऱ्याने दीड एकर मक्याला कबूल केला, तेही शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी मिळालं तर. उरलेल्या अडीच एकरांवर शाळूच, असं ठरलं. राखणीसाठी बायकोने तोडगा काढला होता. खालच्या शिवारात आणखी दोघांचा शाळू आहे, तिघांनी मिळून एकाच आठवड्यात पेरायचं, म्हणजे दाणा एकदम भरेल, आणि माळ्यावर पाळीपाळीने बसता येईल. आजींनी विचारलं, ‘‘त्यास्नी बी पुरंल का?’’ आणि हिशोब करून सांगितलं की त्या दोघांचं मिळून दीड एकर आहे, मडक्यात राहिलेलं दोन किलो आणि कोठीतलं चार किलो निवडून देता येईल.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा त्या तिन्ही रानांत पहिली कोळपणी चालू असेल. मका पेरलेला नाही. विहिरीचं पाणी शेजाऱ्याने स्वतःच्या डाळिंबाला ठेवलं, आणि चारही एकरांवर शाळू आहे.